उस्मानची तक्रार

गस्तीवरच्या अधिकाऱ्याच्या सुरीनं दोर तुटला आणि जाळं ओढत असलेला उस्मान लाँचवर पाठीवर आपटला. तो उठेपर्यंत पापलेटांनी जड झालेलं जाळं पाण्याखाली गेलं होतं.

कुवेतच्या तटरक्षकांची गस्तीची बोट लाँचला खेटून उभी होती. इथे मासेमारीला बंदी आहे, अधिकारी म्हणाला. बंदीची हद्द अजून बरीच आत, किनाऱ्याकडे होती, पण उस्माननं तो वाद घातला नाही. थोड्या अंतरावर एका पांढऱ्या स्पीडबोटीतून तीन कुवेती तरुण तसंच जाळं ओढत होते. त्यांना हात करूनच गस्तीची बोट इकडे आली होती. उस्माननं तिकडे बोट दाखवून विचारलं, त्यांचं का नाही कापलं?

अधिकारी लाँचवर चढला आणि त्यानं उस्मानच्या थोबाडीत मारली. मग शांतपणे खाली उतरून निघून गेला.

उस्मान रत्नागिरीकडचा दाल्दी, म्हणजे मुसलमान कोळी. त्याच्या घराण्यात समुद्राशिवाय दुसरा धंदा कुणी केला नव्हता. बाप तापट होता, पण होडीवर असताना त्यानंही कधी पोरावर हात उचलला नव्हता.

लाँचचा मालक फैसल वाईट माणूस नव्हता. त्यानं नवं जाळं देऊ केलं आणि विषय सोडायला सांगितलं. बरोबरचे खलाशीही तेच म्हणाले. प्रत्येकाचं कधी ना कधी काहीतरी कापलं गेलं होतं आणि प्रत्येकाला इथेच राहायचं होतं. उस्माननं सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग शहरात हवल्ली भागात बहिणीच्या घरी जाऊन तो भाचीला म्हणाला, माझ्याबरोबर चल.

अदिबा कुवेतमध्येच जन्मली होती. दवाखान्यात रिसेप्शनवर तिचं अरबी ऐकून लोक तिला इथलीच समजत. आपलाही इकामा, इथे राहायचा परवाना, कुणाच्या तरी सहीवर टिकून आहे, हे ती मात्र विसरत नसे.

तक्रारींच्या कार्यालयात उस्मान सांगत गेला आणि ती अरबीत सांगत गेली. टेबलामागचा वयस्कर अधिकारी तिच्याकडेच बघून ऐकत होता. जाळं, दोर, स्पीडबोट. मग उस्माननं मार खाल्ल्याचं सांगितलं. अदिबा थांबली. गस्तीवरच्या साहेबांचा आवाज जरा चढला होता, असं तिनं सांगितलं.

अधिकाऱ्यानं मान डोलावली. उन्हात माणूस चिडतो, तो म्हणाला, आणि या लोकांना दुसरी भाषा तरी कुठे कळते.

"बघतो म्हणाले," अदिबानं मामूला सांगितलं.

उस्मान तिच्याकडे बघत राहिला. त्याला अरबी बोलता तुटकच येई. पण इतकी वर्षं हुकूम आणि शिव्या ऐकून समजत सगळं होतं. तो खुर्चीवरून उठला.

"दरबनी," तो म्हणाला. मला मारलं.

अधिकारी थबकला. उस्माननं स्वतःच्या गालावर हात ठेवून तेच पुन्हा म्हटलं. आवाज चढवला नाही.

अधिकाऱ्यानं अदिबाकडे पाहिलं. तू तर हे सांगितलं नाहीस, तो म्हणाला. मग हा आत्ता बनवून सांगतोय का?

अदिबाचे कान तापले. नुसती होकारार्थी मान हलवली असती, तरी सगळं तिथेच मिटलं असतं.

"खरं आहे ते," ती म्हणाली. "मीच सांगितलं नाही."

त्यानं तिचं सिव्हिल आयडी कार्ड मागितलं. कार्ड उलटसुलट करून स्वतःच्या खणात ठेवलं आणि दोघांना बाहेर बसायला सांगितलं.

दोघं बाहेर बाकावर बसले. उस्मान म्हणाला, "तू जा घरी. माज्यापायी तुजी नोकरी जायल."

"कार्ड आत आहे, मामू."

त्यानं मान खाली घातली. अदिबानं ओढणीनं चेहरा पुसला आणि ती त्याच्याकडे वळून बसली.

"पहिल्यापासून सांगा. सगळं."

"मगाशी सांगितलं ना."

"मगाशी मी ऐकत नव्हते."

तो सांगू लागला. या वेळी ती मध्ये मध्ये विचारत होती. कुठला हात, तेव्हा लाँचवर कोण कोण होतं, स्पीडबोटीतले ते तिघं हसले का. हसले होते, उस्मान म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज फाटला.

दार उघडलं. शिपायानं फक्त अदिबाचं नाव पुकारलं.

दोघंही उठले.