बिनपरवाना दाढी

"हनुवटीला काय लागलंय तुझ्या?" सार्जंट मेजर वक्निननं विचारलं.

मी बाहीनं पुसली. सकाळपासून ट्रकखाली पडलेलो होतो, ग्रीस असणार.

"निघत नाहीये." वक्निन जवळ आला. तो जवळ येतो तेव्हा आधी पोट येतं, मग कॉफीचा वास, मग तो. चष्मा कपाळावरून नाकावर घेऊन त्यानं नीट पाहिलं. "अरे, ही दाढी आहे."

वर्कशॉपमधले सगळे पाने वाजायचे थांबले.

"परवाना आहे?"

आमच्या लष्करात दाढीला परवाना लागतो. धर्माचं कारण असेल, कातडीचा रोग असेल, घरात सुतक असेल, तर अर्ज करायचा. नाहीतर रोज सकाळी चेहरा घोटून यायचं. बाकीची पोरं त्या परवान्यासाठी डॉक्टरपुढे पुरळ दाखवायची, रडायची, मेलेल्या आज्यांना पुन्हा मारायची. मी चार वर्षं हार्मोनची इंजेक्शनं घेत होतो ती हे केस यावेत म्हणून. आणि आजपर्यंत ते मी आणि माझी मैत्रीण मायन सोडून कुणालाच दिसले नव्हते.

"नाहीये," मी म्हणालो.

"मग हसतोस काय? लेखी तक्रार करणारे मी."

"करा ना. पण नाव नीट लिहा. इतमार वाकरूळकर."

"मेंदूत डिझेल गेलंय याच्या," वक्निन सगळ्यांना म्हणाला. मग घड्याळ बघून ओरडला, "आणि साडेदहाला मंडळापुढे जायचंय ना तुला? असल्या तोंडानं? वर्कशॉपचं नाक कापशील. चल."

मंडळ म्हणजे नोकरी कायम करणारं मंडळ. माझी मुदत महिनाअखेरीला संपत होती. आज करार झाला तर पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत बघायला नको. नाही झाला, तर एक तारखेला घरी, कारण पुढचं मंडळ सहा महिन्यांनी. आणि अडचण ट्रकची नव्हती, माझ्या कामाची नव्हती. अडचण कॉम्प्युटरची होती. माझं ओळखपत्र मला पुरुष म्हणतं. मायन म्हणते. आई तर रागावली की "मेल्या" म्हणते. लष्कराचा कॉम्प्युटर तेवढा मला अजून बाई समजून बसला होता. तीन वर्षं मी अर्ज करत होतो. भरतीवाले म्हणायचे, आधी पगारवाल्यांनी बदलायला पाहिजे. पगारवाले म्हणायचे, आधी भरतीवाल्यांनी. दोघंही चहा द्यायचे.

वक्निननं मला न्हाणीघरात नेलं आणि आपला वस्तरा हातात दिला. त्या पात्यानं त्यानं बहुतेक एखादा उंट भादरला असावा.

"येते ना करता?"

"येते की," मी म्हणालो. सत्तावीस वर्षांच्या माणसानं दुसरं काय म्हणायचं?

खालून वर केली. तीन ठिकाणी कापलं. प्रत्येक जखमेवर कागदाचा तुकडा चिकटवून मी मंडळापुढे उभा राहिलो.

मंडळात मेजर हागित होती आणि कॉम्प्युटरवर तोहार नावाची कारकून मुलगी. मेजर गेल्याच आठवड्यात एक व्याख्यान ऐकून आली होती, माझ्यासारख्यांशी कुठले शब्द वापरावेत आणि कुठले अजिबात वापरू नयेत यावर. वापरू नयेत त्यांची यादी बहुतेक फार लांब होती, कारण बाईला एक वाक्य पुरं करता येईना.

"इतमार, तुझ्यासारख्या... म्हणजे तुझ्या... प्रवासात..." तिचं लक्ष माझ्या हनुवटीकडे गेलं. आवाज एकदम खाली आला. "तुला कुणी मारलं का? इथं मोकळेपणी सांगू शकतोस."

"दाढी करताना कापलं."

"हो का," ती म्हणाली. तिचा विश्वास बसला नाही.

मग तिनं मी भरून दिलेला कागद काढला. पुढच्या पंधरा-अठरा वर्षांचा बेत त्यात लिहायचा असतो. तिनं मोठ्यानं वाचला. "वाहन अभियांत्रिकीची पदवी, संध्याकाळच्या वर्गातून. मायनशी लग्न. बीरशेबात तीन खोल्या. दोन मुलं. वर्कशॉपचा प्रमुख." तिनं कागद खाली ठेवला. "सुंदर आहे. असा बेत कुणी लिहीत नाही. बाकीचे लिहितात, बघू."

"तीन वर्षं लिहितोय."

"पण करार बायकांचा छापून येतोय, इतमार." खरंच तिच्यापुढे कागद होता. मी उलटा वाचला. 'गरोदरपणी अवजड वाहनांखाली काम करू नये.' "ओळखपत्र एक सांगतं, मशीन एक सांगतं. अशी सही चालत नाही. पुढच्या मंडळापर्यंत आपण नक्की दुरुस्त करून घेऊ."

"तोवर मी घरी गेलेला असेन."

"हो," मेजर म्हणाली, आणि पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. इतक्या हळुवारपणे नोकरीवरून मला कुणी काढलं नव्हतं. मी तो ग्लास धरून बसलो. मायनला फोनवर काय सांगायचं ते सुचेना.

तेवढ्यात तोहार च्युइंगगम चावत म्हणाली, "याच्यावर तक्रार येतेय. आत्ता. वर्कशॉपमधून."

"कसली?"

"बिनपरवाना दाढी. पण मशीन घेत नाहीये. म्हणतंय, बायकांना हे कलम लागत नाही."

दार उघडलं आणि वक्निनचं पोट आत आलं. मागून वक्निन. "माझी तक्रार परत का आली? बावीस वर्षं तक्रारी करतोय मी. आईशप्पथ, एक परत आली नाही."

"सार्जंट मेजर, विषय जरा नाजूक—"

"कसला नाजूक? दाढी आहे. परवाना नाही. पुरुषमाणूस आहे. यात नाजूक काय?"

मेजरनं व्याख्यानाची वही चाळली. मग ती मिटून ठेवली.

तोहारनं किबोर्ड बडवला. "शिस्तीची तक्रार अडली असेल तर नोंद लगेच बदलता येते. वेगळं बटण आहे. ओळखपत्र दे इकडे."

मी दिलं. तिनं पाहिलं, चार अक्षरं टाइप केली, फुगा फोडला. "झालं."

"झालं?" मी म्हणालो.

"पुरुष."

माणसाच्या भविष्यासाठी आमच्याकडे तीन वर्षंही पुरत नाहीत. शिक्षेसाठी च्युइंगगमचा एक फुगा पुरतो.

"पण," मेजर म्हणाली, "तक्रार शिल्लक असलेल्या माणसाशी करार करता येत नाही."

"मग चालवा खटला," वक्निन म्हणाला. "अधिकार आहे तुम्हाला. मला बारा वाजता जेवायचंय."

मेजरनं टोपी घातली. खटल्याला टोपी लागते. वक्निननं आपली माझ्या डोक्यावर ठेवली, ती कानांपर्यंत आली.

"आरोपीला दाढी होती?"

"होती."

"पण आत्ता तर दिसत नाही. पुरावा?"

"मीच काढायला लावली," वक्निन म्हणाला, आणि एकदम त्याच्या लक्षात आलं की पुरावा आपणच न्हाणीघरात वाहवला. मग त्यानं माझ्या हनुवटीवरच्या कागदाच्या तुकड्यांवर बोट ठेवलं. "हा एक. हा दुसरा. हा तिसरा. दाढी नव्हती तर हा गाढव काय सोलत होता?"

"आरोपी, गुन्हा कबूल?"

"कबूल," मी इतक्या जोरात म्हणालो की तोहारनं गम गिळलं.

सुट्टीचा एक शनिवार छावणीत डांबून. त्याखाली सही केली, मग करारावर. पुरुषांचा करार होता. गरोदरपण कुठंच नव्हतं. शेवटच्या पानावर दाढीचे नियम वाचल्याची वेगळी सही होती. तीही ठोकली.

दुपारी आईला फोन केला. करार झाल्याचं ऐकून ती रडली. शनिवारी येत नाही, दाढीपायी शिक्षा झालीय, हेही सांगितलं. मग फोन बाजूला धरून शेजारच्या रिव्हकामावशीला ओरडून सांगताना ऐकू आली, "अगं, आमच्या मुलाला दाढी ठेवली म्हणून आत टाकलंय." असा आवाज तिनं माझ्या भावाच्या लग्नातसुद्धा काढला नव्हता.

शुक्रवारी दुपारी आई-बाबा दिमोनाहून बस बदलत फाटकाशी आले. आईनं एलियाहू हन्नाबी पैगंबराला नवस बोलला होता म्हणे, म्हणून मलिद्याचं ताट: गुळाचे पोहे, नारळ, खजूर, फळं. ताट फाटकाच्या गजांतून जाईना. पहारेकऱ्यानं विचारलं कशाचा प्रसाद, तर आईनं त्याला दाढीची अख्खी गोष्ट सांगितली आणि बोलता बोलता ओंजळभर पोहे त्याच्या हातावर ठेवले.

बाबा काही बोलत नव्हते. ते एरवीही बोलत नाहीत. गिरणीत तीस वर्षं काढल्यावर त्यांना वाटतं समोरच्याला ऐकू येत नसेल. ते गजांशी येऊन माझी हनुवटी बघत राहिले.

"खालून वर केलीस."

"हो."

त्यांनी आपला गाल एका हातानं ताणला आणि दुसऱ्या हाताचं बोट कानापासून हनुवटीपर्यंत सावकाश खाली आणलं. "असं. वरून खाली. कातडी ताणून."

फाटकाच्या अलीकडे मी माझा गाल ताणला, बोट कानाशी ठेवलं आणि खाली ओढलं.

"हळू," बाबा म्हणाले. "घाई काय आहे? पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत रोज करायचीये."