पुढची पुली, सध्या खिळ्यावर

मी पुढची पुली बोलतेय. बोलणं थोडं जळकं वाटलं तर सांभाळून घ्या. इंजिनाशेजारी राहून तसं झालं असं म्हणायची सोय आहे, पण खरं सांगायचं तर स्वभावच तसा.

बहुतेक मोटारसायकलींना साखळी असते. आमच्या गाडीला दातेरी पट्टा होता. गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या दांड्यावर मी, मागच्या चाकावर मागची पुली, आणि आम्हा दोघींभोवती तो पट्टा. इंजिनाने कितीही डरकाळ्या फोडल्या तरी मी फिरल्याशिवाय गाडी जागची हलत नसे. पण कौतुक सगळं मागचीचं. ती ताटाएवढी, चकचकीत, चारचौघांत मिरवणारी. सुट्टीच्या दिवशी मालक तिला मऊ फडक्याने पुसत. मी झाकणाआड, अंधारात, ग्रीस आणि धूळ खात. थोरल्या जावेने दिवाणखान्यात बसायचं आणि धाकटीने मागे राबायचं, त्यातली गत. जळायची सवय मला तिथे लागली.

माझा जन्म कारखान्यात झाला. माणसांची मुलं बोळकी घेऊन येतात. मी तीस दात घेऊनच आले. एका साहेबांनी माप तपासून शिक्का मारला. त्यानंतर कितीतरी वर्षं माझ्याकडे कोणी निरखून पाहिलं नाही.

गंमत म्हणजे मालक निघाले दातांचे डॉक्टर. दिवसभर लोकांच्या दातांची विचारपूस करणारा हा माणूस माझ्या दातांना कधी विचारायला आला नाही. गाडी त्यांनी बायकोला मागे बसवून हिंडता यावं म्हणून घेतली होती. त्यांची बायको, म्हणजे बाई, हौसेने बसतही. इंजिनाच्या आवाजात त्या मागून काहीतरी विचारत आणि डॉक्टर पुढून ठोकून देत. एकदा बाईंनी विचारलं, "अहो, गॅस बंद केला होतात ना?" डॉक्टर म्हणाले, "हो ना, काय सुंदर आहे!"

मग एकदा लेकीच्या गावाहून परतल्यावर बाई फाटकाशी उतरल्या आणि तिथेच खांबाला धरून उभ्या राहिल्या.

"अहो, माझे पाय बघा जरा. गाडीवरच राहिले वाटतं."

"मुंग्या आल्या असतील."

"मुंग्या नाहीत, वारूळ आहे. पुढच्या वेळी मी बसने जाणार. तुम्ही या मागून, तुमच्या या भुंग्यावर बसून."

डॉक्टरांचं तोंड एवढंसं झालं. गाडीवर एकट्याने हिंडण्याची त्यांना हौस नव्हती. पुढचे काही दिवस ते काहीबाही वाचत राहिले, आणि मग घरात एक खोकं आलं. खोक्यात तेलकट कागदात गुंडाळलेली ती होती. नवी कोरी, गोरीगोमटी, आणि दात बत्तीस. पूर्ण बत्तिशी! दंतवैद्याची नजर आणखी कुठे जाणार?

"अगं, पुढच्या पुलीला दात जास्त असले की इंजिनाला कमी फिरावं लागतं," डॉक्टर बाईंना समजावत होते. "वेग तोच, थरथर कमी."

थरथर इंजिनाची, पाय बाईंचे आणि उचलबांगडी माझी! कचेऱ्यांतून असाच न्याय चालतो असं ऐकून होते.

"बघा हं," बाई म्हणाल्या. "एकदा बसून बघेन. परत पायांत वारूळ झालं तर जुनी पुली बसवायची आणि मला बसचं तिकीट काढून द्यायचं."

"कबूल."

मीही मनातल्या मनात कबूल म्हटलं. माझी सगळी आशा आता बाईंच्या पायांवर होती.

काम घराच्या पुढच्या पडवीतच निघालं. झाकण उतरलं आणि कारखान्यानंतर मला पहिल्यांदाच धड उजेड दिसला. मागचं चाक ढिलं करून पुढे ढकललं, तसा पट्टा सैल पडला. इतकी वर्षं माझ्या दातांत दात घालून राहिलेला प्राणी, पण एका शब्दाने हरकत घेतली नाही.

दांडा फिरू नये म्हणून गाडी गिअरमध्ये टाकली आणि बाई वर बसून मागचा ब्रेक दाबून राहिल्या. डॉक्टरांनी माझ्या नटाला लांब पाना लावला, पान्याला पाइप जोडला आणि जोर केला. नट ढिम्म. पुन्हा जोर केला. नट किंचित सरकला.

"हलला! सुटतोय!"

सुटतोय कसला! माझ्या नटाचे आटे उलटे असतात. दुनियेचे नट ज्या बाजूने सुटतात त्या बाजूने हा आवळला जातो. डॉक्टर घामाघूम होऊन मला सोडवत होते आणि मी आणखी घट्ट बसत होते. इतक्या जिवाच्या आकांताने मला कोणी धरून ठेवलं नव्हतं. नवी खोक्यातून बघत होती. मी म्हटलं, बघ.

"अहो, थांबा," वरून बाई म्हणाल्या. "सुटणारी वस्तू हलकी होत जाते. तुमचा तर जीव चाललाय."

"गंजलाय तो."

"टेबल फॅनचं पातं आठवतंय? असाच जोर करून त्याचा नट फोडला होतात. तो उलटा असतो. दर उन्हाळ्यात मीच काढते पुसायला. हाही फिरणाऱ्या दांड्यावरच आहे ना? उलटा फिरवून बघा."

"अगं, एवढ्या मोठ्या गाडीला टेबल फॅनचा नियम?"

"बघायला काय जातंय?"

कट्ट असा आवाज झाला आणि माझं राज्य संपलं.

"तसं मला माहीत होतं," डॉक्टर म्हणाले.

"माहीत होतं म्हणूनच आवळत होतात."

डॉक्टरांनी मला हलवून हलवून बाहेर ओढलं आणि सवयीने म्हणाले, "झालं, झालं. दुखलं नाही ना?" इतक्या वर्षांत माझ्याशी बोललेलं हे त्यांचं एकमेव वाक्य. माझ्या जागी सवत चढली. पट्टा तिच्या दातांत असा बसला, जणू लहानपणापासूनची ओळख. त्याचा ताण बोटाने दाबून पाहिला, झाकण लागलं, आणि मी फळीवर पडून राहिले.

दोघं लेकीकडे निघाली. फाटकाबाहेर लगेच चढ आहे. चढावर गाडीने एक गचका खाल्ला आणि बंद पडली. माझा आनंद काय सांगू! तो चढ मी एका दमात घेत असे.

"जुनीच बसवू का गं?" डॉक्टरांचा पडेल आवाज आला.

बाई हसत होत्या. "चढावर थोडी कुरकुरणारच. जड झालोय आपणही. क्लच जरा हळू सोडा की."

गाडी गेली. दिवसभर मी एकच धावा करत होते, की बाईंचे पाय बधिर होऊ देत. त्या बिचारीने माझं काय वाकडं केलं होतं? पण मत्सराला माणूस ओळखू येत नाही.

उन्हं कलल्यावर दोघं परतली. इंजिनाच्या आधी बोलणंच कानावर आलं. फाटकाशी बाई टुणकन उतरल्या आणि दोन्ही पाय आपटून बघितले.

"आहेत बाई जागेवर. तिकीट राहू द्या."

"तू रस्ताभर बोलत होतीस."

"आणि तुम्ही चक्क नीट उत्तरं देत होतात! मग इतकी वर्षं काय झालं होतं?"

"इतकी वर्षं मी अंदाजाने हो म्हणत होतो," डॉक्टर म्हणाले.

बाई त्यांच्या हेल्मेटवर एक टपली मारून आत गेल्या. माझ्या उभ्या हयातीत तशी टपली मी ऐकली नव्हती. त्या टपलीनंतर मला परत कोणी बसवणार नाही, हे मला कळलं.

आता मी पडवीतल्या खिळ्यावर असते, गाडीच्या बरोब्बर समोर. छळायला याहून चांगली जागा शोधूनही मिळाली नसती. पट्टा तिचा, दांडा तिचा, दोघांच्या गप्पाही तिच्याच पुण्याईने.

पण परवा डॉक्टर बाईंना सांगत होते, "मीटर हल्ली कमी दाखवतो. काटा साठवर असतो तेव्हा गाडी चौसष्टला असते. तो गिअरबॉक्सचे फेरे मोजतो, त्याला नवी पुली माहीतच नाही. तो अजून जुनीच्या हिशेबाने मोजतोय."

"मग दुरुस्त करून घ्या."

"घेऊ कधीतरी."

तेवढं कधीतरी लांबवा, डॉक्टर. दुसरं काही मागत नाही. नवीने गाडी कितीही पळवली तरी काटा मोजतो ते माझ्याच तीस दातांनी. त्या अख्ख्या गाडीत मला न विसरलेला तो एकटाच आहे.