दुसरं हेल्मेट

इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या दोन खोल्यांच्या घरात बसून मैत्री मुंबईच्या एका मराठी मालिकेचे संवाद लिहायची, आणि हे सगळं चालायचं ते ज्ञानदीपमामाच्या जिवावर. मामा म्हणजे तिच्या आईचा धाकटा भाऊ. बँकेतून वेळेआधीच निवृत्ती घेतलेला, लग्नाच्या भानगडीत न पडलेला. महूहून स्कूटरवर यायचा, आठ महिन्यांच्या इराला मांडीवर घ्यायचा आणि म्हणायचा, "चल मैत्रू, तू तुझ्या लोकांची भांडणं लाव, आम्ही दोघं पंखा बघतो." इराला नवऱ्याकडे दिलं तरी मैत्रीचा एक कान दारापलीकडे असायचा. मामाकडे दिलं की तो कानही मिटायचा.

मालिकेत परेश नावाचा मधला भाऊ होता. बायको-मुलीत गुरफटलेला, आणि मनातून एका पुरुषावर जीव असलेला. घरात तर सोडाच, स्वतःशीही त्यानं ते कधी कबूल केलं नव्हतं. त्याच्या गोष्टीचा ट्रॅक मैत्रीकडे लिहायला आला तेव्हा चॅनलच्या वसुंधरामॅडमचा फोन आला.

"लोकांना कळलं पाहिजे गं. थोडे हातवारे दे, चालताना लचक दे. फुलाफुलांचे शर्ट देतोच आपण."

"मॅडम, जन्मभर ज्यानं दाबून ठेवलंय, तो हातवारे कशाला करेल? तो तर हात सांभाळून ठेवेल. आपण त्याचं ते सांभाळणं दाखवू या ना."

"मग दाखव. पण डोळ्यांना दिसेल असं काहीतरी दे. हवेतलं नको. आणि उद्या दुपारपर्यंत."

डोळ्यांना दिसेल असं मैत्रीपाशी होतं. मामाच्या स्कूटरला कायम एक दुसरं हेल्मेट अडकवलेलं असायचं. मागे कोणी बसत नसे, तरी दर रविवारी मामा त्याचं अस्तर काढून धुवायचा, उन्हात वाळवायचा, परत बसवायचा. मैत्री लहान असताना त्या हेल्मेटखाली श्रीरामकाका असायचे, मामाच्याच बँकेतले. रोज दोघं एका स्कूटरवर महूहून इंदूरला यायचे. पुढे काकांचं लग्न झालं, त्यांनी ग्वाल्हेरला बदली मागून घेतली. घरात त्यांचं नाव निघालं की मामा पाणी प्यायला उठायचा. मैत्रीला कोणी काही सांगितलं नव्हतं. तिनं नुसतं पाहिलं होतं.

गेल्याच दिवाळीआधी राजवाड्यावर खरेदीला निघताना तिनं ते हेल्मेट काढायला हात घातला, तर मामानं झटकन आपलंच तिच्या डोक्यावर चढवलं आणि स्वतः उघड्या डोक्यानं गाडी काढली.

"मग ते कोणासाठी रे मामा?"

"असावं बेटा. रस्त्यात कोणी भेटलं, तर त्याला काय उघड्या डोक्यानं बसवायचं?"

मैत्रीनं हे सगळं परेशला देऊन टाकलं. हेल्मेट दिलं, धुतलेलं अस्तर दिलं, धाकट्या भावजयीच्या डोक्यावर घाईनं चढवलेलं स्वतःचं हेल्मेटही दिलं. मामाचं ते वाक्य तेवढं बदलू या म्हणून ती बसली होती. पण दुसरं कुठलंही वाक्य लिहिलं की परेश खोटा वाटायला लागे. तेवढ्यात इरा रडत उठली, आणि वाक्य जसंच्या तसं मुंबईला गेलं.

"कुठून आणतेस गं? काटा आला अंगावर," मॅडमचा मेसेज आला. मैत्री दिवसभर खुशीत होती.

तो भाग लागायचा त्या संध्याकाळी ती मनात म्हणत होती, मामा नेहमीसारखा उजेड असतानाच निघून जाऊ दे. पण शाळेत शिकवणारी आई, म्हणजे धम्मदीना, शाळा सुटल्यावर थेट इकडेच आली होती. लेकीच्या मालिकेची जाहिरात तिनं महूतल्या सगळ्या नातलगांत केलेली. "ज्ञानू, कुठे चाललास? आज मैत्रीचा बडा सीन आहे. बघून जा ना यार!"

मामा बसला. इरा त्याच्या मांडीवर. मैत्री स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, टीव्हीकडे पाठ आणि मामाकडे तोंड करून.

मागून परेशचा आवाज आला. "असावं. रस्त्यात कोणी भेटलं, तर त्याला काय उघड्या डोक्यानं बसवायचं?"

इराला थोपटणारा मामाचा हात थांबला.

"अरे, हा तर डिट्टो तू!" आई हसत सुटली. "दोन-दोन हेल्मेट घेऊन फिरणारा! बघ ना ज्ञानू..." आणि पडद्यावर परेश एकटाच अस्तर वाळवत बसलेला दिसला, तेव्हा तिचं हसू मध्येच अडकलं. तिनं भावाकडे पाहिलं, मग पटकन रिमोट शोधायला लागली, तो हातातच असून. तिचा फोन टुणटुण वाजू लागला. महूतही सगळे बघत होते.

"दीदी, पोलीस चालान फाडतात म्हणून ठेवतो मी," मामा म्हणाला. कोणी विचारलं नव्हतं. त्यानं इराला उचलून मैत्रीच्या हातात दिलं. "छान लिहिलंस बेटा. एकदम असली."

त्यानंतर मामा आला नाही. फोन केला की "गुडघा धरलाय जरा" म्हणायचा, इराची चौकशी करायचा आणि ठेवून द्यायचा. वसुंधरामॅडम मागे लागल्या होत्या, "परेशला अजून असंच काही दे ना." मैत्री परेशच्या तोंडी वरणातल्या मिठाची तक्रार घालून वेळ मारून नेत होती. सांभाळणं दाखवू या म्हणाली होती ती, आणि तिला स्वतःला एवढंही सांभाळता आलं नव्हतं.

मग इराला ताप चढला. नवरा दौऱ्यावर, औषध कोपऱ्यावरच्या दुकानात मिळेना. मदतीला आलेल्या आईनं कळवलं असावं, कारण दुपारी खाली ओळखीचा हॉर्न वाजला. इराला आईजवळ ठेवून मैत्री धावत उतरली.

मामानं तिच्याकडे न बघता दुसरं हेल्मेट काढलं आणि पुढे केलं. "घे, घाल."

"मामा, नको. मी अशीच बसते."

"घाल गं. आता त्यात काय राहिलंय!"

ती मागे बसली. "मामा, मी तुला विचारायला हवं होतं रे..."

"ट्रॅफिक आहे बेटा. नीट धरून बस."

हेल्मेटच्या आत साबणाचा आणि उन्हाचा वास होता. पट्टा दुसऱ्याच कोणाच्या हनुवटीच्या मापाचा होता, तिला सैल पडत होता. आवळायचं बक्कल हाताशी होतं. तिनं ते आवळलं नाही. दुकान येईपर्यंत ती एका हातानं हेल्मेट डोक्यावर दाबून बसून राहिली.