पार्बताबाईच्या खेपा

पौर्णिमा अमरावतीच्या एका कॉलेजात संशोधन करायची. कार्बन मोनॉक्साइड हा खरं तर जीव घेणारा वायू. पण काही संयुगं तो अगदी थोडा थोडा सोडतात. त्यानं रक्तात गुठळ्या होणं कमी होतं का, पेशींची हानी करणारा ऑक्सिडेटिव्ह ताण उतरतो का, हे ती पाहत होती. त्यासाठी निरोगी माणसाचं ताजं रक्त लागे.

एकदा रक्त देणारा आयत्या वेळी आलाच नाही. भेटायला आलेल्या आईनं, पार्बताबाईनं, हात पुढे केला. तेव्हापासून अकोल्यातलं फुलांचं दुकान जावेवर सोपवून ती अधूनमधून एसटीनं यायची. रक्त दिलं की चहा घेत लेकीचं काम बघत बसायची. लेकीला घरी जायला सवड नसे, म्हणून भेट व्हायची ती एवढीच.

दिवाळीनंतरच्या खेपेला संयुग न घातलेल्या नमुन्यातही गुठळी नीट धरेना. पौर्णिमेनं खोदून विचारलं, तेव्हा गुडघ्यासाठी दुखणं थांबवायची गोळी घेत असल्याचं आईनं सांगितलं. त्या गोळीनंच रक्त गोठत नव्हतं. दिवसभराचं काम फुकट गेलं.

पुढच्या वेळी पार्बताबाई कठडा धरून, दर पायरीला थांबत वर प्रयोगशाळेत आली.

"गोयी सोडली म्या," ती म्हणाली. "आता चालन नं माह्यं रक्त?"

पौर्णिमेनं सुई बाजूला ठेवली. गोळी पुन्हा सुरू कर, रक्त आता द्यायचं नाही, असं तिनं बजावलं.

"मंग मी येऊ कायले?"

अशीच ये, म्हणाली पौर्णिमा. पण पार्बताबाई तशी आली नाही. फोन केला की शेवंतीचा हंगाम आहे म्हणायची. प्रयोग चांगले चालले होते. संयुगानं गुठळ्या खरंच कमी होत होत्या. हे सांगावं तर शेजारची खुर्ची रिकामी.

एका रविवारी पौर्णिमा अकोल्याला गेली. हार गुंफत बसलेल्या आईनं सरकून जागा दिली आणि विचारलं, "कोनाचं रक्त घेतं आता?"

"होस्टेलच्या पोरींचं."

"माह्यापेक्षा चांगलं असन."

"असन," पौर्णिमा म्हणाली. "पन त्या देतेत अन् जातेत, आई. कोनी बसून राहत नाई."

पार्बताबाईनं फुलांची टोपली दोघींच्या मध्ये ओढली. संध्याकाळची बस पौर्णिमेनं जाऊ दिली.