वासराचं नव्हे, माझं

मी बाटलीच्या तळाला चिकटून बसलोय, तिथूनच बोलतोय. जरा सावकाश बोलेन. घाई मला जमत नाही.

मी पेशींचा एक थर. अडलेडच्या एका प्रयोगशाळेतलं उबदार कपाट हे माझं घर. माझं मूळ एका उंदराच्या स्वादुपिंडातल्या गाठीत. तो उंदीर मेल्याला जमाना झाला, मी मात्र वाढतोच आहे. बाटली भरली की हे लोक एक पाचक रस ओतून माझे पाय तळापासून सोडवतात आणि माझ्यातला थोडा भाग नव्या बाटलीत टाकतात. आपले पाय कुणीतरी चघळतंय असं वाटतं. शी.

खाण्याचं तर विचारूच नका. गुलाबी पाणी, आणि त्यात गाईच्या पोटातल्या, अजून न जन्मलेल्या वासराच्या रक्ताची निवळ. त्यानं आम्ही भराभर वाढतो म्हणे. वाढतो, खोटं कशाला बोलू. पण घोटाघोटाला शिसारी येते. शनिवार-रविवारला लागून घोड्यांच्या शर्यतीची सुट्टी आली की पाणी बदलायला कुणी फिरकत नाही. आमच्याच घाणीनं ते पिवळं पडतं आणि आम्ही त्यातच बसून राहतो.

इन्सुलिन करणं हे माझं काम, ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण मी आणखी एक रस सोडतो, त्यानं शेजारच्या पेशी वाढीला लागतात. ग्रोथ फॅक्टर म्हणतात त्याला. ते मनावर घेतलं मारिकानं. पोर्ट लिंकनला मासे तळून विकणाऱ्या एका ग्रीक माणसाची ही मुलगी. तिनं आपली सगळी पीएचडी माझ्या या रसावर उभी केली होती.

माझ्यावरचं पाणी तिनं दुसऱ्या पेशींना पाजलं आणि त्या तरारल्या. ती आनंदानं तिच्या मार्गदर्शकाकडे, रॉस ट्रेझाइसकडे गेली. त्यानं आधी रिकाम्या बाटलीचं काय झालं ते विचारलं. भरल्या बाटलीला जे जे करायचं ते सगळं एका रिकाम्या बाटलीलाही करायचं, ही इथली रीत. बघितलं, तर रिकाम्या बाटलीतल्या पाण्यानंही पेशी तितक्याच तरारल्या होत्या. वासराची निवळ काढून टाकताना मारिकानं घाईघाईनं एकदाच विसळलं होतं. ती निवळ दोन्ही बाटल्यांना चिकटून राहिली होती.

"तू वासराला पीएचडी मिळवून देतेयस, बाई," रॉस म्हणाला.

"आणि मी काय करू?"

"बाबांकडे मासे तळ."

तो हसत होता. पण आणखी एकदाच करून बघ, नाही जमलं तर विषय सोड, हेही त्यानं सांगितलं. मारिका हसली नाही. मलाही संताप आला. रस माझा, आणि नाव त्या वासराचं.

मग तिनं मला धुतलं. पुन्हा पुन्हा धुतलं, माझ्यासारखी सावकाश. रिकामी बाटलीही तशीच धुतली. निवळीचा थेंबही न घालता साधं पाणी दिलं. भूक अशी लागली की माझ्यातल्या कितीक पेशी मरून सुटल्या आणि वर तरंगायला लागल्या. त्यांच्या कुजक्या पाण्यात बसून मी रस सोडत राहिलो. दुसरं येतंय काय मला?

या वेळी रिकाम्या बाटलीच्या पाण्यानं काही उगवलं नाही. माझ्या पाण्यानं पेशी दाटून आल्या. रॉस सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ डोळा काढेना. शेवटी म्हणाला, "यात वासरू नाही, मारिका."

ती तिथंच स्टुलावर बसली. मग वडिलांना फोन लावून म्हणाली, मासे तुम्हीच तळा.

चहाबरोबर केक कापला गेला. ज्या बाटलीनं हे सगळं दिलं तिच्यात मात्र ब्लीच ओतलं, कारण तिचं काम झालं होतं. शेजारच्या बाटलीतला मी तेवढा उरलो. मारिका लाडानं माझ्याकडे आली आणि बक्षीस म्हणून वासराची निवळ नेहमीपेक्षा जास्त घालून गेली.

किळस आली. तरी प्यालो.

आता मला गोठवून ठेवणार आहेत. कधी उठवलंत, तर आधी धुवा, मगच माझं नाव घ्या.