चाळिसांतली तीन

उरवड्याच्या शाळेच्या ओसरीवर चाळीस पोरं उताणी निजवली होती. मलेरिया खात्याचा निरीक्षक वाल्मीक एकेकाच्या डाव्या बरगडीखाली बोटं दाबत पुढे सरकत होता. ताप अंगात मुरला की तिथं पांथरी, म्हणजे प्लीहा, सुजून हाताला लागते. चाळिसांत तीन लागल्या.

"पुन्हा एकदा बघू," म्हणत त्यानं सगळी पोटं परत चाचपली. तीनच.

दोन वर्षांपूर्वी, घरांच्या भिंतींवर डास मारायच्या औषधाची पहिली फवारणी होण्याआधी, डोंगरावरच्या याच वाडीतल्या चाळीस पोरांत एकवीस लागल्या होत्या. प्रमाण तेच राहिलं असतं, तर आज विसाच्या आसपास लागायला हव्या होत्या, चार-पाच इकडेतिकडे. तीन म्हणजे नुसता योगायोग नव्हे. प्रमाण दहा टक्क्यांच्या आत आलं, की इथली फवारणी बंद करायची असा हुकूम होता. वाल्मीकला शीळ घालावीशी वाटली.

"भिमाबाई, तुमचा नातू गोमा दिसत नाही? मागं सगळ्यांत मोठी पांथरी त्याचीच होती. बरा झाला ना?"

पोरं घेऊन खाली आलेली भिमाबाई हसली. "त्याला कशाला आनू, सायेब? पडलाय वर थंडीतापानं. तुमी सांगावा धाडला, चाळीस पोरं आना. मग निवडून धडधाकट आनली. पाव्हन्याम्होरं मरतुकडी उभी करत्यात व्हय?"

"निवडून?"

"तर! ह्या तिघांना ताप येतो, पन लईच रड काढली, म्हून आली."

मागच्या वेळी वाल्मीक दर दुसऱ्या घरात स्वतः शिरला होता. या वेळी खाली बसून निरोप धाडला होता. उद्या त्याच्या सहीनं फवारणी थांबली असती.

तो तडक वर चढला. गोमा गोधडीत कुडकुडत होता. पांथरी बेंबीच्या खाली उतरली होती. भिंतीवर औषधाचा मागमूस नव्हता. ताजं सारवण होतं.

"पांढरं डाग बरं दिसत न्हाईत," मागून धापा टाकत आलेली भिमाबाई म्हणाली. मग त्याच्या तोंडाकडे बघून तिचं हसू मावळलं. "सायेब, आमचं कायी चुकलं का वो?"

वाल्मीकनं गोमाला गोळी दिली, पाण्याचा तांब्या त्याच्या ओठाला धरला आणि वाडीच्या पहिल्या घरापासून सुरुवात केली. दर दुसरं घर, घरातलं प्रत्येक पोर, निजलेलं असो की खेळतं.

दिवस कलता चाळीस भरली.

पांथरी लागलेली पोरं, बावीस.