अत्तराच्या नावानं आणलेला वजनकाटा

मी वजनकाटा बोलतोय. मुलुंडच्या एका सोसायटीत वॉचमनच्या केबिनशेजारी ई-कचऱ्याचा खोका ठेवलाय ना, त्यातून. माझ्या अंगावर एक मोडका माउस पडलाय आणि बाजूला कुणाचा तरी बंद पडलेला मोबाइल. वाकून बघू नका, प्लीज. हल्ली मला कुणी नुसतं निरखून बघितलं तरी मेल्याहून मेल्यासारखं होतं.

तसा मी साधासुधा नाही हं. कांदेबटाटे जोखणाऱ्या काट्यांत मला बसवू नका. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवतो मी. वर पंखा चालू असला की माझे आकडे नाचायला लागतात आणि मला अस्सा राग येतो! या अचूकपणाचा मला फार माज होता. आता पार उतरलाय तो.

घाटकोपरला वजनकाट्यांचं एक दुकान आहे. तिथल्या काचेच्या कपाटात मी होतो. एका शनिवारी देवव्रत आला. सव्वीस-सत्तावीसचा, चष्मा लावलेला, चांगल्या घरातला वाटणारा मुलगा. दुकानातल्या सहदेवभाऊंनी विचारलं, "केक करता का?"

"नाही."

"मग सोनं?"

"नाही हो."

"अहो, काय मोजायचंय ते सांगा ना. त्याशिवाय कोणता काटा देऊ?"

देवव्रतनं चष्मा वर सरकवला. मग म्हणाला, "अत्तर. घरी अत्तर बनवतो मी."

सहदेवभाऊ एकदम खूश झाले. रोज तेच तेच गिऱ्हाईक बघून माणूस कंटाळतोच. त्यांनी आधी स्वयंपाकघरातला काटा काढला. देवव्रतनं त्याच्यावर पाण्याचे थेंब टाकले, तर तो ढिम्म. पूर्ण ग्रॅम झाल्याशिवाय तो तोंड उघडत नाही. मग सराफाचा खिशातला छोटा काटा काढला. तो अचूक होता, पण त्याच्यावर बाटली ठेवली की आकडेच झाकले जायचे, आणि मिनिटभर हात लावला नाही की साहेब झोपी जायचे. "अर्धवट मिसळलं असताना बंद पडला तर वाट लागेल," देवव्रत म्हणाला.

शेवटी मला बाहेर काढलं. माझी थाळी रुंद आणि आकडे समोर. वायर लावली की मी जागा राहतो, आणि बाटलीचं वजन एका बटणात शून्य करतो. देवव्रतनं एक थेंब टाकला आणि मी लगेच दाखवला. "हाच!" तो म्हणाला. मुलगी पसंत पडल्यासारखा आनंद झाला हो मला. म्हटलं, आता खस, मोगरा, केवडा! आयुष्याचं सोनं झालं.

कसलं सोनं! घरी आल्यावर त्यानं खोलीचं दार लावलं, रबरी हातमोजे चढवले आणि माझ्यावर पहिली बाटली ठेवली. त्यात ग्लिसरीन होतं. मग आंब्याच्या, पुदिन्याच्या, गुलाबाच्या वासाचे द्रव आले. आणि शेवटी एक तपकिरी बाटली आली, तिचं लेबल नखानं खरवडून काढलेलं. ती उघडताना त्यानं श्वास रोखून धरला होता. त्यात निकोटीन होतं. तो अत्तर बनवत नव्हता, वेपमध्ये, म्हणजे त्या बॅटरीवरच्या ई-सिगरेटमध्ये, भरून ओढायचं पाणी बनवत होता. बाजारात बंदी, चोरून मिळतं ते महाग आणि कसलं तरी, म्हणून घरचं.

त्याचीही एक गोष्ट आहे. त्याचे बाबा श्यामकांत, त्यांची बायपास झाली तेव्हा हॉस्पिटलात त्यांचा हात हातात घेऊन यानं शपथ घेतली होती, पुन्हा सिगरेट ओढणार नाही. आणि खरंच सिगरेट सोडली. सोडली आणि हे धरलं. मित्राला फोनवर सांगायचा, "शब्द कुठे मोडला यार? सिगरेट नाहीच ओढत." मला ऐकून लाज वाटायची. कारण त्याचा तो अर्धामुर्धा शब्द माझ्याच जोरावर उभा होता. निकोटीनचा थेंब जास्त पडला की चक्कर येते, म्हणून तर त्याला माझ्यासारखा काटेकोर लागला.

एके दिवशी त्याच्या आई खोलीत आल्या. नीलाताई म्हणतात त्यांना सगळे. स्वभावानं मोकळ्या, बोलायला लागल्या की थांबायच्या नाहीत. "हे काय रे देवू?"

दुकानात एकदा जमलेलं खोटं पुन्हा जमायला किती वेळ लागतो? "अत्तर बनवतोय गं. छंद."

"आणि हातमोजे?"

"वास मिसळतात ना हाताचे."

नीलाताईंचा चेहरा असा फुलला म्हणता! पोरगं दिवसभर लॅपटॉपला चिकटलेलं, मित्र नाहीत, लग्नाचं नाव काढलं की चिडतं, आणि आता काहीतरी सुंदर करतंय. त्यांनी लिफ्टमध्ये सांगितलं, भाजीवालीला सांगितलं, माहेरच्या ग्रुपवर टाकलं. देवव्रतनं अडवलं नाही. "नंतर सांगू काहीतरी," असं पुटपुटायचा. माझ्यावर ठेवाल त्याचं वजन मी खरंच सांगतो, पण वस्तूचं नाव सांगायची सोय माझ्यात नाही. तेव्हापासून मी नुसता जळत होतो.

मग संक्रांत आली आणि नीलाताईंनी हळदीकुंकू ठरवलं.

तुम्हाला माहीतच आहे, हळदीकुंकवाला आलेल्या बाईच्या हाताला अत्तर लावतात. नीलाताईंकडे सासूबाईंची चांदीची अत्तरदाणी होती, वर्षानुवर्षं तिच्यात बाजारच्या कुपीतलं अत्तर भरायच्या. यंदा घरात अत्तर बनत असताना बाजारचं कशाला? देवव्रत दुसऱ्या खोलीत कानाला हेडफोन लावून ऑफिसच्या मीटिंगमध्ये होता. त्याला सरप्राइज द्यायचं म्हणून त्यांनी त्याचा खण उघडला. गुलाबाची कुपी हुंगली, "झकास!" म्हणाल्या आणि अत्तरदाणीत ओतली. मग ती तपकिरी बाटली उचलली. हुंगली. "वास नाही फारसा. मूळ अर्क असेल," असं म्हणून तीही भरपूर ओतली. आणि बोटानं ढवळलं. उघड्या बोटानं!

मी तिथेच होतो. माझी वायर जोडलेली नव्हती, नाहीतर पडद्यावर काय वाटेल ते आकडे फेकले असते. काही करता आलं नाही. त्यांनी मला आणि त्या तपकिरी बाटलीला उचललं आणि बाहेर टेबलावर मांडलं, तिळगुळाच्या ताटाशेजारी. माझ्या कडेला हळदीकुंकवाचं बोट लावलं. "याच्यावरच करतो हो सगळं मोजूनमापून!" बायका कौतुकानं बघत होत्या. कुणी मला ओवाळलं असतं तरी त्या घडीला मी जमिनीत गेलो असतो.

सोसायटीतल्या सगळ्यांत वयस्कर मृणालिनीकाकू अत्तरासाठी पहिल्या पुढे आल्या. जिभेला हाड नसलेल्या. "नीला, मुलगा अत्तर करतो म्हणे? आमचा नुसता झोपा काढतो." हसतहसत त्यांच्या हाताला अत्तर लागलं. मग नीलाताई रेवतीकडे वळल्या. रेवती म्हणजे देवव्रतची मोठी बहीण, सहावा महिना लागलेला, खास चेंबूरहून आलेली. काळी साडी, चेहऱ्यावर तेज. तिनं हात पुढे केला.

इतक्यात देवव्रत चार्जर शोधत बाहेर आला. टेबलावर मी. माझ्याशेजारी जवळपास रिकामी झालेली तपकिरी बाटली. आईच्या हातात अत्तरदाणी. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

आणि तरीही, ऐका हं, तरीही आधी तो खोटंच बोलला. "आई, ते लावू नको, खराब झालंय."

"काही खराब नाही. मी हुंगून बघितलंय."

"अगं, रिॲक्शन येते त्याला!"

"गप रे, लाजतोस काय! बायकांना आवडलंय." आणि त्यांनी रेवतीचं मनगट धरलं.

"आई, ते अत्तर नाहीये!" तो ओरडलाच. "निकोटीन आहे त्यात. विष आहे. ताई, हात मागे घे!"

रेवतीनं हात पोटाशी ओढला. अत्तर तिला लागलं नव्हतं, अगदी थोडक्यात लागलं नव्हतं. देवव्रतनं मृणालिनीकाकूंना बेसिनकडे नेलं आणि साबण लावून त्यांचा हात पुन्हापुन्हा धुतला. काकू एरवी कुणाला सोडत नाहीत. पण त्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "अरे, आईला तरी सांगायचंस." शिवी दिली असती तर परवडलं असतं. बाकीच्या बायका वाण न घेताच निघाल्या. चपला घालतानाची त्यांची कुजबुज मला अजून ऐकू येते.

नीलाताई जागच्या हलल्या नव्हत्या. अत्तरदाणी हातातच. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. "मला जरा मळमळतंय रे," म्हणाल्या आणि खुर्चीत कोसळल्या. त्यांच्या बोटांना तर तासभर ते लागलेलं होतं. देवव्रतनं त्यांचेही हात धुतले. त्यांना ओकारी झाली, श्वास भरभर चालू लागला. श्यामकांतराव खालून धावत आले. त्यांचं स्वतःचं काळीज शिवलेलं, त्यांना बिचाऱ्यांना कुणाकडे बघावं कळेना. रिक्षासाठी दारातून नेताना नीलाताई एकच विचारत होत्या, "रेवतीला नाही ना लागलं? खरं सांगा रे, नाही ना लागलं?"

दवाखान्यात डॉक्टरांनी देवव्रतला विचारलं म्हणे, किती होतं त्या मिश्रणात? त्याला सांगता आलं नाही. आईनं अंदाजानं ओतलेलं, माझ्यावर ठेवलेलंच नव्हतं. जन्मभर अचूकपणाची फुशारकी मारली मी, आणि ज्या एका आकड्याची खरी गरज होती तो माझ्याकडे नव्हता.

वाचल्या नीलाताई. दुसऱ्या दिवशी घरी आल्या, चेहरा उतरलेला. श्यामकांतराव मुलाशी एक अक्षर बोलले नाहीत. त्यांनी हॉस्पिटलातली शपथ काढली असती, भांडले असते, तर बरं. ते नुसते पेपर धरून बसायचे आणि पान उलटायचे नाहीत. देवव्रत एकेका बाईच्या घरी जाऊन माफी मागून आला. काही दारं उघडली, काही उघडली नाहीत.

चार दिवसांनी नीलाताईंनी मला टेबलावरून उचललं, ओल्या फडक्यानं पुसलं. आपल्याकडे चालती वस्तू टाकवत नाही कुणालाच. "चांगला आहे. ओट्यावर घेते. रेवतीच्या डिंकाच्या लाडवांना लागेल," त्या म्हणाल्या आणि मुलाकडे बघत राहिल्या. "घेऊ ना?"

माझ्या थाळीच्या खाली, फटीत, किती थेंब मुरलेत ते मला ठाऊक आणि त्याला ठाऊक. मी मनात म्हटलं, बोल रे बाबा, या वेळेला कुणी ओरडायला लावायच्या आधी बोल.

"नको, आई," तो म्हणाला. "आत गेलंय ते. पुसून जाणार नाही. खाण्याच्या वस्तूजवळ हा नकोच."

त्यांनी मला खाली ठेवलं. मग पहिल्यांदाच सरळ विचारलं, "सोडलंस का?"

पेपरमागून श्यामकांतरावांनी मान वर काढली.

"नाही," तो म्हणाला. "प्रयत्न करतोय. पण नाही सुटलेलं अजून."

मला वाटलं, आता या रडतील. नीलाताई रडल्या नाहीत. "बरं," म्हणाल्या. "मग उद्या डॉक्टरांकडे दोघं जाऊ. आणि मी कुणाला सांगणार नाही की तू सोडलंस. सुटेल तेव्हाच सांगीन."

श्यामकांतरावांनी पेपर बाजूला ठेवला. "दोघं कशाला? मी पण येतो," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी देवव्रतनं मला प्लास्टिकमध्ये गुंडाळलं, वर कागद चिकटवला, "आत निकोटीन सांडलंय. घरात वापरू नये," असं मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि या खोक्यात आणून टाकलं. त्या कागदावरचं सगळं खरं आहे.

काल एक गृहस्थ खोका चाळत होते. मला बघून बायकोला म्हणाले, "अगं, नवाकोरा दिसतोय!" त्यांनी कागद वाचला आणि मला परत ठेवला. देव त्यांचं भलं करो. तुम्हीही तेच करा. मी चालतो अजून, बटण दाबलंत तर शून्य दाखवीन. पण मला घरी नेऊ नका, हात जोडतो. मला इथेच राहू द्या.